अधिकृत चाखणारा

आमच्या घरात फुटबॉल कळतं ते ग्लादिसला. मला कळतो तो फक्त तिचा चेहरा. गोल झाला की ती काय करते, गोल खाल्ला की काय करते आणि लाइनमनने झेंडा वर केला की तिच्या तोंडून काय बाहेर पडतं, हे मी लग्नापासून बघत आलोय. बावीस माणसं तिथे कशासाठी धावतात याबद्दल मात्र माझं मत विचारू नये. एकदा रेडिओवाल्याने गेटवर विचारलं होतं. मी बराच वेळ बोललो, आणि दुसऱ्या दिवशी ग्लादिस बाजारात मान खाली घालून गेली.

ती आमच्या स्पोर्तिवो पांतानोसो क्लबच्या मैदानामागच्या गल्लीतच जन्मली. तिचा बाप मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. आमचं लग्न शनिवारी लागलं, कारण रविवारी घरच्या मैदानावर सामना होता. दुसऱ्या दिवशी मी लग्नाच्याच सुटात मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आम्ही हरलो आणि ती रडली. माझी आई म्हणाली, बिचारी, माहेर सुटल्याचं दुःख आहे. माहेर तिथून दिसत होतं, अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांसकट.

तिची पायरी ठरलेली आहे. लाइनमनच्या अगदी पाठीशी, म्हणजे बोललेलं त्याला ऐकू जावं. ती घाण शिव्या देत नाही, ती चौकशी करते. "लाइनमनसाहेब, घरी ताट वाढलेलं तरी दिसतं का हो? का ते पण बायकोच दाखवते?" मी लोकांना पोट धरून हसताना पाहिलंय, आणि दोन-तीनदा लाइनमनलाही.

काखेत थर्मास, हातात तुंबा. तुंब्यात येर्बाची पानं, म्हणजे आमच्याकडचा कडवट चहा, त्यावर कढत पाणी, आणि दोघांत मिळून एक नळी. ती ओतायची, मी प्यायचो आणि तुंबा परत द्यायचो. मग ती स्वतःला ओतायची. घरी आम्ही फारसं बोलत नाही. घरी नळ गळतो, वीज जाते, त्याचंच बोलणं होतं. आमचा मुलगा नेस्तोर स्पेनला, वालेन्सियात, कायमचा राहायला गेला तेव्हा त्याच्या रिकाम्या खोलीचं नाव तिने आठवडाभर काढलं नाही. काढलं ते रविवारी, मध्यंतरात, त्या पायरीवर. म्हणून सांगतो, बाकीच्यांसाठी तो फुटबॉलचा सामना असेल. ग्लादिससाठी तेवढाच एक दिवस होता, आणि हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून मी काय केलं ते पुढे येईलच.

भानगड गेल्या वर्षी सुरू झाली. पूर्वी पायऱ्यांखाली दोन्या एल्बियाचं कँटीन होतं; दोन्या म्हणजे बाई, पुरुषाला आम्ही डॉन म्हणतो. ती बिअर विकायची आणि जास्त झालेल्या माणसाला स्वतःच्या हाताने कान धरून घरी पाठवायची. मग नियम आला, मैदानात दारू विकायची नाही. एल्बियाने बिअरची फळी बंद केली आणि तोंड वाकडं करून पुऱ्या तळायला लागली. दारू कुठे जाते? ती थर्मासात गेली. कुणी लाल वाइन आणायचा, कुणी कान्या, म्हणजे आमची उसाची दारू. आता कान धरायला कुणी नव्हतं. वर्ष संपता संपता असाच एक भरलेला थर्मास लाइनमनच्या खांद्यावर आदळला. पोलिसांचे घोडे आत शिरले, जाळी आडवी झाली, आणि मी पळताना एक बूट गमावला. दुसरा मी अजून ठेवलाय, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही.

फुटबॉल संघटनेने क्लबला तंबी दिली. पुन्हा पायऱ्यांवर दारू सापडली किंवा काही फेकलं गेलं, की हंगामभर गेट बंद, सामने रिकाम्या मैदानात. फक्त एक सवलत ठेवली. फेकणारा माणूस क्लबने स्वतः पुढे केला, तर शिक्षा त्याला एकट्याला, गेट उघडं.

आमचे अध्यक्ष डॉन आरिएल पेरेयरा घाबरट माणूस. त्यांनी थर्मासवरच बंदी घातली. पुढच्या रविवारी सगळी वस्ती थर्मास आणि रेडिओ घेऊन बाहेर भिंतीला टेकून बसली. आत पायऱ्यांवर एकटा मी होतो, कारण मी फळ्यावरची सूचना वाचली नव्हती. ग्लादिस बाहेर होती. मला वाटलं ती शौचालयात गेलीय.

मग क्लबात बैठक भरली. थर्मास उघडून हुंगावा, असं कुणीतरी सुचवलं. त्यावर बायका उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या थर्मासात नाक घालायचं म्हणजे काय? शेवटी एल्बियाने तोडगा काढला. गेटवर एक माणूस उभा करा. प्रत्येकाने आपल्या हाताने एक तुंबा ओतून त्याला द्यायचा. त्याने प्यायचा, पाणी असेल तर पुढे सोडायचं. म्हणजे झडतीची झडती आणि पाहुणचाराचा पाहुणचार. प्रश्न उरला माणूस कोण? दारूला न शिवणारा हवा. अख्ख्या वस्तीत असा एकच निघाला, तोही सद्गुणामुळे नव्हे, पोटातल्या अल्सरमुळे. आयुष्यात माझ्याकडे एकमताने बघितलं गेलं ते तेव्हाच.

मला छातीवर लावायला बिल्ला मिळाला. त्यावर लिहिलं होतं, अधिकृत. मी घरी आरशापुढे उभा राहिलो.

"म्हाताऱ्या," ग्लादिस मागून म्हणाली, "तुला सूप आणि कॉफीतला फरक कळत नाही. तू काय चाखणार?"

"दारू चढली की कळेलच ना."

"आणि माझ्याशेजारी कोण बसणार?"

"सामना सुरू झाला की येतोच की मी."

बिल्ला सरळ बसत नव्हता, मी तो नीट करत होतो.

गेटवरच्या माझ्या कारकिर्दीबद्दल मी नम्रपणे इतकंच म्हणेन, की माझ्याइतकं गरम पाणी त्या वस्तीत कुणाच्याही पोटात कधी गेलं नसेल. जीभ पहिल्याच रविवारी पोळली, त्यामुळे चव लागायची बंद झाली. हे मी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक घोटाला मी डोळे मिटायचो, भुवया वर करायचो, थोडा थांबायचो आणि मग "जाऊ द्या" म्हणायचो. लोकांना ते आवडायचं. तरणी पोरं मुद्दाम थांबून विचारायची, "डॉन मिल्टन, पाणी कुठल्या नळाचं आहे ते पण सांगा ना." आणि मी सांगायचो! एकदा मी एका म्हातारीचा थर्मास पकडला. वास उग्र होता. शिट्टी फुंकली, दोन पोलीस धावत आले. आत निलगिरीचा काढा निघाला, खोकल्यासाठी. म्हातारी अध्यक्षांची मावशी निघाली.

खरी दारू पकडलीच नाही असं नाही. दोन वेळा पकडली, पण दोन्ही वेळा बाटली खिशातून डोकावत होती. बाकी लोक शहाणे झाले होते. ते रस्त्यापलीकडच्या बारमध्ये उभ्या उभ्या प्यायचे आणि पंचाची शिट्टी ऐकू आली की सगळे एकदम गेटवर धडकायचे. थर्मासात स्वच्छ पाणी आणि पोटात बिअर. पोट चाखायची सोय माझ्या बिल्ल्यात नव्हती. संघटनेचे निरीक्षक सेन्योर ओलिवेरा मात्र खूश होते. पायऱ्यांवर थेंब सापडत नव्हता.

बारवाल्यांना आत सोडलं की मी शौचालयात पळायचो. त्या हंगामातले बहुतेक गोल मी तिथूनच ऐकले. पोटाचा नगारा घेऊन मी पायरीवर पोचायचो तोवर पहिला हाफ संपत आलेला असायचा. ग्लादिस तुंबा पुढे करायची. मी तळहात वर करायचो.

"एक पण नको?"

"जागाच नाही गं. आज केवढी गर्दी होती, तुला काय सांगू."

आणि सांगायचोच. कुणाचं पाणी कोमट होतं, कुणी माझ्याशी कसं अदबीने बोललं, निरीक्षक मला कसे नावाने ओळखतात. ती तुंबा स्वतःच प्यायची. त्या दिवसांत ती लाइनमनला कमी बोलायला लागली होती. मला वाटलं, वय झालं, घसा बसला असेल.

गेटवरही ती रांगेतून यायची. माझी बायको म्हणून बाजूने सहज आत जाता आलं असतं, पण ती थंडीत सगळ्यांमागे उभी राहायची. माझ्यासमोर आली की थर्मास काखेतून काढून तुंबा पुढे धरायची. मी मोठ्याने सगळ्यांना सांगायचो, "ही माझी बायको! हिला सोडा!"

"चाखणार नाहीस?"

"तुझं काय चाखायचंय? चल, पुढे हो, मागे रांग आहे."

"काय डॉन मिल्टन, घरचं गोड लागत नाही वाटतं!" मागून कुणीतरी ओरडायचा. रांग हसायची. सगळ्यांत जास्त मी हसायचो.

मग जुलैतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला, तो रविवार आला. सामना ओढ्यापलीकडच्या रिंकोनादाशी होता. त्यांच्याशी आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं, त्यात जो जिंकेल त्याची वरच्या विभागात जायची वाट मोकळी होणार होती. बार सकाळपासून भरला होता. एल्बिया पुऱ्या तळता तळता मला म्हणाली, "मिल्टन, आज जरा डोळे उघडे ठेव." मी तिला बिल्ला दाखवला.

शिट्टी झाली आणि बारमधली सगळी फौज गेटवर आली. मी ढकलला गेलो, भाजलो, एकाचा तुंबा माझ्या कोटावर सांडला. ग्लादिस त्या गर्दीतच होती. तिने तुंबा माझ्या हनुवटीपर्यंत आणला. "आज तरी," ती म्हणाली. तिचे गाल लाल दिसले, मला वाटलं थंडीने. मी तिच्या खांद्याला धरून तिला आत ढकललं. "पुढे हो, म्हातारे, पुढे हो!"

दुसऱ्या हाफमध्ये मी कुठे होतो ते सांगायला नको. आधी गोलचा आरडाओरडा झाला, भिंती हादरल्या. मग एकदम चिडीचूप. मग असा गोंगाट झाला की मी बटणं न लावताच बाहेर पळालो.

लाइनमनचा झेंडा वर होता, म्हणजे ऑफसाइड, आमचा गोल रद्द, आणि लाइनमन स्वतः खाली बसला होता, घोटा धरून. त्याच्यापासून चार हात लांब एक थर्मास फुटून पडला होता. त्याला लागला नव्हता. त्याने घाबरून उडी मारली आणि पाय मुरगाळून घेतला. पोलीस हवालदाराने थर्मास उचलला आणि नाकाशी नेला. कान्याचा वास मला जाळीपाशी आला, इतकी ती कडक होती. पण माझी पाचावर धारण बसली ती वासाने नव्हे. थर्मासला चामड्याचं आवरण होतं आणि त्याची शिवण तिरकी होती. चामड्याच्या कारखान्यात कामाला असताना जेवणाच्या सुट्टीत ती मी स्वतः घातली होती. इतकी वाकडी शिवण त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमली नसती.

मी वर पाहिलं. ग्लादिस आपल्या पायरीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. काख रिकामी होती.

सामना थांबवला. अध्यक्ष, निरीक्षक आणि हवालदार कँटीनमध्ये जमले, आणि चाखणारा म्हणून मला बोलावलं. थर्मास टेबलावर ठेवला होता. एल्बिया पाठ करून तळत होती. बाहेर लोक जाळी हलवत होते.

"डॉन आरिएल," निरीक्षक ओलिवेरा म्हणाले, "मला वाईट वाटतं. दारूही आहे आणि फेकाफेकीही आहे. एक तर माणूस सांगा, नाही तर आजपासून गेट बंद."

अध्यक्षांनी घाम पुसला. "माणूस कोण ते कसं सांगणार हो? हजार लोक आहेत."

माझ्या डोळ्यांपुढे बंद गेट आलं. बंद गेटसमोर उभी असलेली ग्लादिस आली. तिच्याशिवायचं उघडं गेटही आलं. दोन्हींतलं मला एकही बघवेना. डोकं चालवायची सवय नसली की माणूस पहिलं सुचेल ते बोलतो.

"थर्मास माझा," मी म्हणालो. "मीच फेकला."

निरीक्षकांनी माझ्या बिल्ल्याकडे बघितलं. "तुम्ही? तुम्ही तर दारू पीत नाही."

"आज प्यायलो."

"तुम्ही फेकताना होता कुठे?"

खोटं बोलायचं तर थोडी तयारी लागते. माझी नव्हती. "शौचालयात," मी म्हणालो.

"शौचालयातून फेकलात?"

"तिथे खिडकी आहे."

हवालदार खोकला. एल्बियाचे खांदे हलताना मला मागून दिसले. "उंच आहे ती," अध्यक्ष हळूच म्हणाले, "आणि उलट्या बाजूला आहे, मिल्टन."

"त्याला दोन हातांवरचा कचऱ्याचा डबा सापडत नाही," दारातून आवाज आला. "तो काय लाइनमनला नेम धरणार!"

ग्लादिस आत आली. पदकं मिळालेल्या बाईसारखी ताठ उभी होती, फक्त एक हात दाराच्या चौकटीला होता. "थर्मास माझा. फेकला मी. नेम चुकला, वय झालंय. नाव लिहून घ्या, ग्लादिस माबेल सिल्वेरा. आणि याच्या शौचालयाच्या गोष्टी बंद करा, आधीच कमी ऐकल्यात का मी!"

"ग्लादिस, तू गप्प बस," मी म्हणालो.

"तू गप्प बस. आयुष्यात एकदा काहीतरी फेकलं मी, ते पण आपल्या नावावर करतोस?"

निरीक्षकांना ती आवडली असावी, कारण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. "सेन्योरा," ते म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं इथे येता. चाखणाऱ्याची बायको तुम्ही. थर्मासात कान्या कशासाठी?"

ती निरीक्षकांशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती.

"याने चाखावी म्हणून."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"हंगाम सुरू झाल्यापासून घालतेय," ती म्हणाली. "आधी चमचाभर घातली. म्हटलं, एक घोट घेईल, ठसका लागेल, ओरडेल माझ्यावर. शिट्टी फुंकेल, दोन पोलीस आणेल, म्हातारीला आणले होते तसे. मग जास्त घातली, मग अजून जास्त. हा अख्ख्या वस्तीचा तुंबा घेतो. ज्यांची तोंडंपण आम्हाला आवडत नाहीत त्यांचा घेतो, डोळे मिटून घेतो. मी समोर आले की म्हणतो, पुढे हो. आणि ती टाकून कशी द्यायची? मग बसायची मी एकटीच पीत. आज जास्त झाली." ती जरा थांबली. "पण तो झेंडा खोटा होता. ते मी शुद्धीत सांगते."

एल्बियाने गॅस बंद केला. कढईतलं तेल थोडा वेळ तडतडत राहिलं, मग तेही थांबलं. मला लाज वाटली, साधी सरळ लाज, हसून घालवता येईल अशी नव्हे.

निरीक्षकांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. हंगाम संपेपर्यंत तिला मैदानात बंदी आणि गेट उघडं. अध्यक्षांनी इतका मोठा निःश्वास टाकला की टेबलावरचे कागद उडाले. सामना पुढे खेळवला, बरोबरीत सुटला, वाट कुणाचीच मोकळी झाली नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, झालं ते झालं, तू गेटवर राहा, तुझ्यासारखा माणूस कुठे मिळणार? मी म्हटलं, वस्तीत विचारा, कुणालातरी अल्सर झाला असेल. ग्लादिसला न विचारता मी घेतलेला हा पहिला निर्णय.

पुढच्या रविवारी तिने मफलर गुंडाळला आणि नेस्तोरचा जुना थर्मास काखेत घेतला. मी म्हटलं, तुला आत सोडणार नाहीत. ती म्हणाली, मला माहीत आहे, खुर्च्या घे. बाहेरच्या भिंतीला लागून, लाइनमन जिथे धावतो त्याच्या बरोबर पाठीमागे आम्ही दोन खुर्च्या टाकल्या. तिथून काही दिसत नाही, सिमेंट दिसतं आणि त्यावर कुणीतरी रंगवलेलं आमच्या क्लबचं नाव. तिने ओतलं, मी प्यायलो. भयंकर कडू होतं. मी तुंबा परत दिला, तिने स्वतःला ओतलं. तिने मला विचारलं नाही आणि मी मत दिलं नाही.

आत एकदम गलका झाला, मग शिट्टी, मग लोकांचा संताप. ग्लादिस खुर्चीतून अर्धी उठली.

"ऑफसाइड नव्हता," ती म्हणाली.

आमच्या नाकासमोर भिंत होती.

"नव्हताच," मी म्हणालो.